उपरण्यातली बाटली

ओजस दुपारी दोनला झोपतो आणि चारच्या सुमारास उठतो. त्या दोन तासांत मी लिहिते. पाळण्याच्या दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधलेलं असतं.

लग्नाआधी मी नाशिकला एका वायनरीच्या प्रयोगशाळेत होते. चार वर्षं वास ओळखायचं काम केलं, आणि ते मला चांगलं जमायचं. हे सांगताना लाजत नाही, कारण इथे काशीत, दुर्गाघाटावर आल्यापासून माझ्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही घडलेलं नाही. नवरा, निमिष, रेल्वेत; सकाळी जातो, दमून येतो. सासूबाई प्रेमळ आहेत. मला सगळेजण ओजसची आई म्हणतात. अवनी म्हणून कोणी हाक मारली की मीच दचकते.

मालविकाताई बँकेत आहेत. मंगला गौरीच्या देवळाच्या पायऱ्यांवर ओळख झाली. मी काय करायचे ते ऐकून म्हणाल्या, "अगं, मग रविवारी ये की. आम्ही तीन वेडे जमतो, चौथी मिळाली."

ओजसचं अंगावरचं दूध सुटून महिना झाला होता. सासूबाईंना भजनाला जाते म्हणून सांगितलं.

रामघाटावर, तिसऱ्या मजल्यावर सुश्रुतकाकांची खोली. खिडकीतून गंगा आणि नावांच्या डिझेलचा वास. खालून पाठशाळेतल्या मुलांची संथा ऐकू येत होती. टेबलावर तीन बाटल्या, धुतलेल्या उपरण्यांत गुंडाळून ठेवलेल्या. लेबल दिसू नये म्हणून.

"आणि मोहल्ल्यात कोणी पूछताछ केली तर द्राक्षासव," सुश्रुतकाका म्हणाले. संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. "माझ्या खोकल्यावर मोहल्ल्याचा पूर्ण भरवसा आहे."

तिसरी बकुळ. माझ्याच वयाची, शाळेत शिकवते. नुसती हसली.

नियम एकच होता. अनोळखी वाईनला नाव नव्या माणसाने द्यायचं. घरातला एक वास, अगदी नेमका. तो चिठ्ठीवर लिहून बाटलीला बांधायचा.

पहिली मी लगेच ओळखली, नाशिकचीच. दुसरी जॉर्जियाची, मातीच्या रांजणात मुरवलेली. अक्रोडाची साल, सुकवलेला जर्दाळू. मी बोलत होते आणि तिघं ऐकत होती. दीड वर्षात माझं इतकं कोणी ऐकलं नव्हतं.

तिसऱ्या वाईनला वास नव्हता.

असं होत नाही. बिघडलेल्या वाईनलाही वास असतो. मी ग्लास फिरवला, तळहाताने झाकला, पुन्हा नाक नेलं. तेव्हा आला. मी हसले.

"सांग ना," मालविकाताई म्हणाल्या.

मी लिहिलं: *ओजसची टाळू. खोबरेल, वेखंड, धुरीतला ओवा, आणि खाली थोडं कोमट, आंबूस दूध.*

सुश्रुतकाकांनी ग्लास नाकाशी धरला. "बरोब्बर," ते हळूच म्हणाले. बकुळने डोळे मिटून घोट घेतला, आणि तिच्या गालावरून पाणी ओघळलं.

"ही कोणी आणली?" मी विचारलं.

"तुम्ही ना काका?" मालविकाताई म्हणाल्या.

"मला वाटलं, बकुळने."

बकुळने मान हलवली. मग सगळ्यांनी पुन्हा थोडी थोडी ओतून घेतली.

घरी आले तेव्हा ओजस सासूबाईंच्या मांडीवर होता. त्याला उचलून टाळूवर नाक टेकवलं, रोजच्यासारखं.

काही नाही.

सर्दी असेल म्हणून कापूर हुंगला, हिंग, लसूण. सगळं येत होतं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत करायचे तशी परीक्षा केली: तीन झबली, दोन धुतलेली आणि एक त्याच्या अंगातलं, डोळे बांधून. सहा वेळा. एकदाही ओळखता आलं नाही.

"आई, याला वास येतो का हो कसला?"

सासूबाईंनी त्याच्या डोक्यात नाक खुपसलं. "वेडी आहेस का? घमघमतोय माझा सोन्या."

पुढच्या रविवारी मी ओजसला घेऊन रामघाटावर गेले. तो परक्याकडे जात नाही. बकुळला पाहिल्याबरोबर मात्र त्याने अंग झोकून दिलं. तिच्या गळ्यात नाक घालून दोन मिनिटांत झोपला. मी तिच्याजवळ वाकले. तिच्या पदराला वेखंडाचा वास येत होता.

"तुला मूल आहे?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. ओजसला थोपटत राहिली.

"माझी ती बाटली कुठे आहे?"

मालविकाताईंनी कपाट उघडलं. वरच्या फळीवर धुतलेल्या रिकाम्या बाटल्या, प्रत्येकीला चिठ्ठी. *बाबांची शाल. रमाचे ओले केस.* रमा म्हणजे काकांची बायको. खालच्या घरात असते. काका इथे वर, एकटेच राहतात.

माझी बाटली खालच्या फळीवर होती. चार बोटं उरली होती.

"तुम्ही प्यायलात?"

"मालविका, तिला देऊन टाक," काका म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"पुरवून घे," मालविकाताई म्हणाल्या. "आम्हाला तसं कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या संपल्या."

ओजसला बकुळच्या हातातून काढून घ्यावं लागलं. घाटभर रडला.

बाटली मी गव्हाच्या डब्यात पुरून ठेवली आहे. बुचावर मेण ओतलं, त्यावर माझ्या अंगठ्याचा ठसा. उघडत नाही. रोज दुपारी फक्त काढून बघते. मेण शाबूत आहे, ठसा माझाच आहे. मंगळवारी तीन बोटं होती. काल दोन. आज काचेच्या तळाशी नुसती लाल चकती.

सकाळी ओजसला मीच न्हाऊ घातलं, टाळू भरली, धुरी दिली. सासूबाईंनी त्याला उचलून डोक्यावर नाक टेकवलं. मग जरा लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा टेकवलं.

"आज धुरी दिलीस ना गं?" त्यांनी विचारलं.

दिली म्हणाले.

त्यांनी त्याला माझ्याकडे दिलं आणि देवघरात गेल्या. तिथून पुन्हा विचारलं.