ओठांवरचं बी

आवाज ऐकू आला की हात वर करायचा, एवढंच काम होतं. समोरचा कैदी मात्र भलत्याच वेळी हात वर करत होता.

तिने यंत्राकडे पाहिलं. आवाज पाठवलेलाच नव्हता. ती थांबली. पुन्हा हात वर!

"आत्ता काय ऐकू आलं तुम्हाला?" हेडफोन काढायला लावून तिने विचारलं.

"चिमणी. वरच्या झरोक्यात." तो जरा ओशाळला. "चारदा ओरडली... मोजायची नव्हती का?"

तिने वर पाहिलं. होती खरी. नऊ वर्षं लोकांच्या कानांना यंत्रं बसवणाऱ्या बाईला, स्वतःचे दोन्ही कान धड असून, ती ऐकू आली नव्हती.

ती कारागृहात आली होती ती पत्र्याच्या कारखान्यातल्या कैद्यांचे कान तपासायला. याचा उजवा कान असा तिखट, तर डावा जवळजवळ गेलेला.

"पत्रा कापायच्या मशीनशेजारी उभे असता ना? किती दिवस?"

"दीड वर्ष."

"आणि आत कशासाठी?" हे विचारायचं नसतं, हे तिला ठाऊक होतं.

"झाडं लावली."

"झाडं लावल्याबद्दल शिक्षा कधीपासून व्हायला लागली?"

"झाडावर अवलंबून आहे," तो म्हणाला. "गांजा होता. ओढायला नाही हं... तेल काढायला. माझ्या ताईसाठी."

ज्या आवाजात माणसं घरच्या गुलाबाचं कौतुक सांगतात, त्याच आवाजात. तिने कागदावर डाव्या कानाचा आलेख काढला आणि दोनदा खोडला.

तीन आठवड्यांनी तिने त्याच्या कानात यंत्र बसवलं. त्यानंतरच्या शनिवारी ती यंत्राची चौकशी करायला भेटीच्या खोलीत गेली. हे नियमात होतं. पुढच्या शनिवारीही गेली. ते कुठल्याच नियमात नव्हतं.

भेटीच्या खोलीत मध्ये जाड काच आणि बोलायला दोन्हीकडे फोन. पण फोनची आखूड तार डाव्याच कानापर्यंत पोचायची, आणि तो लावला की त्याचं यंत्र अशी शिट्टी मारायचं, की पहारेकरी दचकून मागे बघायचा.

"राहू दे फोन," तिने खुणेनेच सांगितलं. "माझे ओठ वाचा."

आणि तिने त्याला शिकवायला सुरुवात केली. आ, ई, ऊ. मग अवघड अक्षरं. "प, ब, भ, म," तिने काचेवर बोटाने लिहून दाखवलं. "चौघंही ओठांवर अगदी सारखी दिसतात. इथे भलेभले फसतात."

"तुम्हीसुद्धा?" त्याने आवाज न काढता विचारलं.

"मी? हा माझा धंदा आहे."

त्याने भिवया उंचावल्या. असं कुणी आपल्या तोंडाकडे वीस-वीस मिनिटं टक लावून पाहिलं, तर माणसाने कुठे बघावं? तिला नऊ वर्षांत हा प्रश्न पडला नव्हता.

त्याने एकच गोष्ट मागितली. ताईकडे एकदा डोकावून या.

"बस गं," त्याची ताई म्हणाली. "चहा तूच कर. मी केला तर तो कपात कमी नि जमिनीवर जास्त." तिला अंग आखडण्याचं दुखणं होतं, बोटं आत वळलेली. "तुझ्याबद्दल लिहितो हं तो. चिमणीवाल्या बाई म्हणतो तुला."

"चिमणी तर त्यांनी ऐकली!"

"तेच लिहितो. की तू वर पाहिलंस. बाकी सगळे वेड्यात काढतात म्हणे."

मग ताईने सांगितलं. तेल सुरू केल्यावर एका सकाळी तिने सुईत दोरा ओवला. सात वर्षांत पहिल्यांदा. भाऊ समोर बसला होता. तिने दोरा काढला, पुन्हा ओवला. काढला, ओवला... दोघं दुपारपर्यंत तेवढंच करत बसली.

"आणि मग बातमी फुटली. डॉक्टरांनी हात टेकलेली माणसं दार वाजवायला लागली. अकरा झाली. हा बाटली हातात ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी जाऊन विचारायचा, झोप लागली का?"

वरच्या खोलीत आता काही नव्हतं. कुंड्या पुरावा म्हणून गेल्या होत्या. फरशीवर त्यांचे गोल डाग तेवढे उरले होते, एकाला एक लागून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मध्ये पाऊल ठेवायला एक चिंचोळी वाट. एका माणसाने रोज या वाटेवरून हिंडत प्रत्येक कुंडीत बोट खुपसून ओल पाहिली होती. ती चपला काढून उंबरठ्यावर उभी राहिली. आत जायचं तिला धाडस होईना.

त्या दिवसापासून मंगळवारी आणि गुरुवारी कामावरून सुटून ती ताईकडे जाऊ लागली. बोटं चोळून द्यायची, गुंड्या लावायच्या. डॉक्टरांच्या मागे लागून तिने दाखले गोळा केले, शिक्षा कमी व्हावी म्हणून अर्जांवर अर्ज धाडले. मैत्रिणी म्हणाल्या, तुला काय वेड लागलंय? तिने मान डोलावली. खोटं कशाला बोला?

एका शनिवारी काचेपलीकडून तो ओठांनीच म्हणाला, "एक विचारू? ताई सोडून... बाहेर माझी वाट बघणारं आहे कुणी?"

ती काचेकडे सरकली. आवाज न काढता म्हणाली, "मी."

त्याचे डोळे चमकले. "बी? कसलं बी? खिडकीतल्या कुंडीत राहिलंय का एखादं?"

अरे देवा!

माळ्याला दुसरं दिसणार तरी काय? तिच्या तोंडावर हसू आणि रडू एकदमच आलं. "हो," ती म्हणाली, "बीच."

"रुजलंय?"

"...रुजलंय."

"मग पाणी बेतानं घाला," त्याने कळकळीनं बजावलं.

पुढच्या शनिवारी तो आला तोच मान खाली घालून. बसला. मग हळूच वर पाहिलं.

"आठवडाभर आरशासमोर बसलो होतो. प, ब, भ, म."

"मग?"

"‘पी’ नसणार. इथे प्यायला काय मिळतं?"

"नव्हतं."

"‘भी’?"

"भीती वाटत होती. पण म्हटलं नव्हतं."

"‘फी’ तर नाही ना?"

"फ म्हणताना माझे दात दिसतात," ती कसंबसं हसू दाबत म्हणाली. "काय शिकलात एवढे दिवस?"

"मग एकच उरतं," तो म्हणाला. आणि त्याचे कान, चांगला आणि वाईट दोन्ही, लालबुंद झाले.

तिसऱ्याच आठवड्यात कारागृहाच्या साहेबांनी त्याला बोलावून कागद पुढे केला. तेल नेणाऱ्या अकरा जणांची नावं लिही, महिनाअखेर घरी जा. नाही लिहिलीस तर उरलेले सोळा महिने पुरे भोग, सवलती बंद.

हे त्याने सांगितलं तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर ताईची बोटं आली. महिनाअखेर! तिने दोन्ही तळवे काचेला टेकले.

"लिहा," तिचे ओठ म्हणाले. "लिहून टाका ना..."

आणि त्याने डोळे मिटून घेतले.

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. तिनेच त्याला डोळ्यांनी ऐकायला शिकवलं होतं. तिचा शब्द कानाआड करायचा तर त्याला हा एकच मार्ग होता. पापण्या थरथरत होत्या, पण त्याने उघडल्या नाहीत. तिचे ओठ थांबेपर्यंत नाहीत.

ती थांबली. कितीतरी वेळाने त्याने पाहिलं.

"रात्रभर कळवळणारी माणसं विश्वासानं माझ्या दारी आली होती," तो म्हणाला. "त्यांच्या दारावर पोलीस पाठवू? ...रागावलात?"

राग कुठला? तिच्या अंगावर काटा आला होता. ज्याच्याकडे द्यायला स्वतःचे दिवस सोडून काहीच उरलं नव्हतं, तो तेही देऊन बसला होता. एवढं मोठं माणूस एवढ्याशा काचेत मावतं कसं, याचंच तिला नवल वाटत होतं.

"रागावले असते," ती म्हणाली, "तर आधी तुमचं यंत्र काढून नेलं असतं."

पुढच्या शनिवारी खिडकीवरच्या कारकुनाने तिला अडवलं. "ओळखीच्या लोकांच्या भेटी बंद. फक्त नातेवाईक. टेबलावर, काचेशिवाय. पण नातेवाईकच."

"सोळा महिने?"

"सोळा महिने." तिचा चेहरा पाहून तो जरा नरमला. एक छापील कागद त्याने पुढे सरकवला. "नात्याच्या रकान्यात लिहा. असाच कागद आत त्याच्याकडे गेलाय. दोघांचा शब्द जुळला तर भेट. नाही जुळला तर खोटी माहिती... मग कायमचं नाव कटाप."

"त्यांना विचारून येऊ?"

"भेट मिळाली तर विचाराल ना! बहीण लिहा मॅडम. सगळे बहीणच लिहितात."

"बहीण?" ती एवढ्या जोरात ओरडली की रांगेतल्या सगळ्यांनी कान टवकारले.

पेन हातात धरून ती उभी राहिली. सुटकेसाठी ज्याने अकरा नावं लिहिली नाहीत, तो भेटीसाठी खोटं लिहील? मग तो काय लिहील? 'ओळखीच्या'? 'कानवाल्या बाई'? तो काय लिहील हे ताडणं तिच्या आवाक्यातलं नव्हतं. आपल्याला काय खरं वाटतं, तेवढंच तिला लिहिता येण्याजोगं होतं. तिने लिहिलं, आणि कागद उलटा करून दिला.

कारकून आत गेला. दुसरा कागद घेऊन आला. चष्मा नाकावर ओढून दोन्ही शेजारी ठेवले. तिचा जीव टांगणीला.

"'होणारी बायको'," त्याने तिचा वाचला. मग त्याचा. "'होणारी बायको. कंसात: अजून विचारलेलं नाही. तिने दुसरं काही लिहिलं असल्यास तिचं खरं धरावं.'"

तिने खिडकीची कड घट्ट धरली.

"कंसातलं आमच्याकडे चालत नाही," कारकून शिक्का उचलत म्हणाला. "शब्द जुळतोय. जा."

टेबल लाकडी होतं. मध्ये काहीच नव्हतं. ती दिसताच तो उठून उभा राहिला. मग हातांचं काय करावं ते न सुचून पुन्हा बसला.

ती समोर बसली. "विचार की," ती म्हणाली. "सोळा महिने आहेत. घाई नाही."

"मला आहे," तो म्हणाला.