पोलादपूर विभागाला करमत नाही

"इथे पासवर्ड मिळतो का?"

माहरुखने मान वर केली. काचेच्या दाराशी एक तरुण उभा होता. काखेत हेल्मेट, भुवयांवर हायवेची धूळ आणि चेहरा असा अपराधी, की तिला हसूच आलं.

"मिळतो. पण आधीचा काय केलात?"

"विसरलो. मग आठवेल ते टाकत बसलो... आता मला आत घेतच नाही."

२००८चा मार्च होता. महाडच्या या कंपनीने ट्रकचे सुटे भाग इंटरनेटवरून विकायला नुकतीच सुरुवात केली होती. दुकानदारांची खाती उघडायची, कोणाला कोणता भाव दिसेल, शोधल्यावर कोणता माल आधी येईल ते ठरवायचं, ही सगळी कामं तुडील गावच्या माहरुखकडे होती. आणि हा साकिब, पोलादपूरला वडिलांबरोबर दुकान चालवणारा.

"सोपा द्या," तो म्हणाला. "लक्षात राहील असा."

"तुमचं नाव सोडून काहीही चालेल."

"मग तुमचं चालेल?"

"नियमात बसत नाही," ती म्हणाली खरी... पण कान गरम झाले होते.

मग फोन सुरू झाले. "अहो, ब्रेक शोधला की कारचा माल काय दाखवता? आमचे ट्रक घाट उतरून येतात, ब्रेकचे लायनर झिजलेले असतात!" माहरुखने त्याच्या खात्यात लायनर वर आणले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

"पहिल्याच ओळीत लायनर! तुम्हाला आमच्या मनातलं कळतं की काय?"

"मनातलं नाही. खात्यातलं."

"तेवढं तरी कळतं ना—"

कोणत्या भागाला दुकानात काय म्हणतात हे त्याला नेमकं ठाऊक होतं. म्हणून साहेबांनी ती नावं वेबसाइटवर परस्पर लिहायचा अधिकार त्याच्या खात्याला दिला. बोलायला रोज नवं कारण मिळू लागलं.

आणि एके दिवशी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

संध्याकाळी माहरुखने त्याचं खातं उघडलं. शोधलेल्या मालाच्या वर एखादी ओळ दाखवायची सोय होती. तिने लिहिलं, 'फोन नाही तुमचा... करमत नाही.' आणि पटकन बटण दाबलं. ओळ कोणाला दिसावी, त्या चौकटीत साकिबच्या नावाऐवजी 'पोलादपूर विभाग' तसाच राहिला होता. घाईत तिने पाहिलंच नाही.

सकाळी पहिला फोन पोलादपूरच्याच एका दुकानदाराचा, म्हाताऱ्या गोमाजींचा.

"काय गो बाय, तुला करमत नाय? काल तर बोललो आपण!"

मागून त्यांच्या बायकोचा, तुळजाबाईंचा आवाज आला, "कोण ही? आन इकडं तो फोन!"

मग फोन थांबेचनात. ऑफिस खदखदून हसत होतं. माहरुखने घाईघाईने ओळ पुसली.

साहेबांनी सगळ्यांसमोर स्पीकरवर फोन लावला. "साकिब, दुकानदारांत लिहायचा अधिकार तुला एकट्याला दिलाय. सगळ्या पोलादपूरला 'करमत नाही' लिहून पाठवलंय, हा चावटपणा तुझा?"

माहरुख कीबोर्डकडे बघत राहिली.

"हो साहेब," साकिब म्हणाला. "गंमत केली. चुकलं."

त्याचं खातं बंद झालं. माहरुख बोलली नाही.

डबा खाताना शेजारची अक्षदा म्हणाली, "किती निर्लज्ज असतात ना गं काही मुलं!"

आणि माहरुखने मान डोलावली.

डोलावली! तिने घास परत डब्यात ठेवला. सकाळी आपलं हसं झालं, त्याची लाज वेगळी होती. ही लाज अंगभर पसरत गेली. ती तशीच उठली, खरकट्या हातानेच साहेबांच्या टेबलाशी गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली,

"साहेब, ते मी लिहिलं होतं. साकिबसाठी. चुकून सगळ्यांना गेलं."

साहेबांनी चष्मा काढला. "मग तो हो का म्हणाला?"

"मला वाचवायला. आणि मी... ऐकून घेतलं."

साकिबचं खातं पुन्हा सुरू झालं. माहरुखचे अधिकार अक्षदाकडे गेले. उद्यापासून माहरुखने फक्त फोन घ्यायचे.

सुटल्यावर तिने पोलादपूरची एसटी धरली.

साकिब दुकानाच्या पायरीवर खोकी लावत होता. तिला पाहून थांबला, पण हसला नाही.

"अम्मीला मुंबईला डॉक्टरांना दाखवायला नेलं होतं," तोच म्हणाला. "म्हणून फोन नव्हता."

"कशा आहेत?"

"बऱ्या आहेत."

"तुम्ही का अंगावर घेतलंत?"

"सुचलं नाही दुसरं काही. राग नंतर आला... वाटत होतं, आता तुम्ही फोन कराल, आता सांगाल—"

"सांगितलं मी. साहेबांना, सगळ्यांसमोर." तिचे डोळे भरले. "पण उशिरा. मला फार लाज वाटते, साकिब."

"माझी?"

"नाही हो... माझी स्वतःची."

साकिबच्या हातातलं खोकं खाली आलं. "एवढ्या लोकांसमोर सांगितलंत?"

तिने 'हो' म्हणून मान हलवली. तो काही बोलणार, एवढ्यात गल्ल्यावरून त्याचे वडील, लतीफभाई, खाकरले.

"बेटी, सकाळपासून एक विचारायचं हाय. ते करमत नाय... ते मला होतं, का या साकिबला?"

नट-बोल्ट निवडणारं गिऱ्हाईकसुद्धा थांबलं. माहरुखला वाटलं, आता या फरशीतच गडप व्हावं. पण पुन्हा गप्प बसायचं नव्हतं.

"यांना," ती म्हणाली.

आणि लग्न झालेल्या बाईसारखं आपण काय म्हणून बसलो, हे कळून तिने ओढणी तोंडावर धरली.

लतीफभाई गल्ल्यावरून उतरले, चपला घातल्या. "चहा सांगून येतो."

"अब्बा," साकिब तिच्याकडेच बघत म्हणाला, "सावकाश या."