आडपडद्याचा हक्क

मेश्राम मॅडम अकरावीच्या वर्गात शिरल्या तेव्हा झाडून सगळ्यांच्या कपाळावर हिरवे दिवे होते. हिरवा म्हणजे लक्ष आहे. पिवळा झाला की समजायचं, स्वारी मनाने कँटीनला पोचली.

लक्षपट्टी कारंजा गावातल्या त्या कॉलेजात येऊन दोन वर्षं झाली होती. कपाळाला बांधायची ही बोटभर रुंद पट्टी मेंदूतल्या विद्युतलहरी टिपायची आणि फळ्याशेजारच्या पडद्यावरही प्रत्येकाच्या नावापुढे तोच रंग दाखवायची. पट्टी शिक्षकांनाही होती, हो. पालक खूश, संस्था खूश. खरं सांगायचं तर मॅडमही खूश होत्या. 'समजलं का?' असं विचारत घसा कोरडा करायला नको.

यंदा पट्टीला तिसरा रंग आला, तांबडा. माणूस काही लपवत असला की मेंदूत एक ठरावीक लहर उठते म्हणे. पट्टी बनवणाऱ्यांनी तिचं नाव ठेवलं 'आडपडदा'. सहामाहीला, मॅडमच्याच मानवी हक्क विषयाच्या पेपरात, ओवी तायडेचा दिवा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तांबडा राहिला. यंत्रणेने कॉपीचा शेरा मारला, पेपर रद्द केला आणि वार्षिक परीक्षेला बंदी घातली. ओवीजवळ चिठ्ठी सापडली नव्हती. तिला कुणी काही विचारलंही नव्हतं. वर्ष गेलं तर शिक्षण बंद, असं तिच्या वडिलांनी आधीच बजावून ठेवलं होतं, आणि ते बोलल्याप्रमाणे करणारे गृहस्थ होते.

मॅडमच्या तासाला दर शुक्रवारी अभिरूप न्यायालय भरायचं. खटला खोटा, कायदा खरा. कुणी वकील, कुणी न्यायाधीश, आणि जैनब ही कायमची कारकून. सरावाचा असला तरी अर्ज खऱ्यासारखाच लिहायचा, हा मॅडमचा दंडक. खरं कलम, खऱ्या सह्या, खरा पत्ता. या शुक्रवारी पोरांनी ओवीचाच खटला चालवला आणि जिंकलाही. तास संपल्यावर जैनब टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, एक घोटाळा झाला. तुमीच म्हनता ना, समदं खऱ्यावानी करा. तर म्या अर्ज मागल्याच आठवड्यात पाठवून देल्ला."

"कुठे?"

"विद्यार्थी हक्क आयोगाले. पत्ता तं खराच होता ना! सोमवारी सुनावनी हाय."

हा आयोग नवा होता आणि त्याचे आदेश कॉलेजांना पाळावेच लागत. मुलांना हसू आवरत नव्हतं; मॅडमना मात्र आपली कंत्राटी नोकरी डोळ्यांपुढे दिसत होती. प्राचार्य काळबांडे सरांनी त्यांना लगेच बोलावून घेतलं.

"मॅडम, पोरांचा खेळ होता असं आयोगाला सांगा आणि विषय मिटवा. नाहीतर पुढच्या वर्षी तुमच्या नेमणुकीचा विचार करावा लागेल."

मॅडम 'बरं' म्हणाल्या. भित्र्या माणसाचं 'बरं' फार पटकन निघतं.

सोमवारी काळबांडे सर पट्टी बांधून वर्गात येऊन बसले, आणि तिथल्याच पडद्यावर आयोगाच्या सदस्य पारखीबाई दिसू लागल्या. चष्मा नाकावर घसरलेला, आवाज शांत. त्यांनी आधी ओवीला उभं केलं.

"बाळ, पेपर लिहिताना तू काय लपवत होतीस? सांगितलंस तर हे आत्ता मिटेल."

ओवीने ओढणीचं टोक घट्ट धरलं. "मी कॉपी नाई केली. बाकी मनात जे होतं, ते माहं हाय. ते मी नाई सांगत."

वर्गात कुजबुज झाली. जैनबने कपाळावर हात मारून घेतला. "बघा!" काळबांडे सर म्हणाले. "कर नाही त्याला डर कशाला?"

मॅडमना पोरीचा राग आला, आणि लगोलग स्वतःची लाज वाटली. वर्षभर आपण या पोरांना हेच शिकवत नव्हतो का? दुसरी बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा नाही. बोलायचं की गप्प राहायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पोरीने धडा नीट गिरवला होता. कच्च्या होत्या त्या मॅडमच.

"मेश्राम मॅडम," पारखीबाई म्हणाल्या, "मुलांचा हा अर्ज सराव होता, असं कॉलेज म्हणतं. हा सराव आहे की खरा?"

मॅडम उभ्या राहिल्या. 'सराव होता' हे शब्द ओठांवर तयार होते. तेवढ्यात सगळ्या वर्गाच्या नजरा पडद्याच्या एका बाजूला वळल्या. मॅडमनीही तिकडे पाहिलं. 'प्राजक्ता मेश्राम' या नावापुढे लालभडक दिवा लागला होता.

"तुम्ही काही लपवताय?" पारखीबाईंनी विचारलं.

मॅडमनी ओवीकडे पाहिलं. ओवी त्यांच्याकडेच पाहत होती.

"हो, लपवतेय," मॅडम म्हणाल्या. "पण मी कॉपी केलेली नाही."

आधी जैनब खुदकन हसली, मग अख्खा वर्ग. चष्मा सारखा करायच्या निमित्ताने पारखीबाईंनीही तोंडापुढे हात नेला.

"काय लपवतेय ते मी सांगणार नाही," मॅडम पुढे म्हणाल्या. "अर्ज मात्र खरा आहे."

पारखीबाईंनी आदेश तिथेच सांगितला. कॉलेजची चौकशी म्हणजे फौजदारी खटला नव्हे, त्यामुळे स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचं कलम इथे जसंच्या तसं लागू होत नाही. पण ऐकून न घेता दिलेली शिक्षा टिकत नाही. पट्टीने लहर टिपली आहे, कॉपी नाही. ओवीचा पेपर तपासावा, तिला परीक्षेला बसू द्यावं. आणि माणसाच्या मनात डोकावायचा हक्क कॉलेजला आहे का, याचा निर्णय लागेपर्यंत पट्ट्या कपाटात ठेवाव्यात. "या अर्जावरून कुणाची नेमणूक अडली, तर तेही मला कळवा," त्या जाता जाता म्हणाल्या.

सगळ्यात आधी पट्टी सोडली ती काळबांडे सरांनी, आणि कपाळ कराकरा खाजवलं. ओवी बाकावर डोकं टेकून रडली, मग हसली. मॅडम खुर्चीत बसल्या. कितीतरी दिवसांनी त्यांना पोटभर श्वास घेता आला.

दुसऱ्या दिवशी पडदा काळा होता. मॅडमनी शिकवलं आणि सवय मोडलेल्या घशाने विचारलं, "समजलं का?" कुणी मान हलवली, कुणी हलवली नाही. कोण वर्गात होतं आणि कोण कँटीनला, काही कळेना. मग त्या बाकांमधून फिरू लागल्या, एकेकाचा चेहरा पाहू लागल्या.

तास सुटल्यावर ओवी मागे रेंगाळली.

"मॅडम, त्या दिवशी मनात काय होतं, सांगू काय तुमाले?"

उत्सुकता मॅडमना काय कमी होती? पण त्या म्हणाल्या, "सांगावंसं वाटतंय, की सांगायलाच हवं असं वाटतंय?"

ओवीने जरा विचार केला आणि मोकळेपणाने हसली. "मंग राहू द्या."

ती पळत मैत्रिणींमध्ये गेली. मॅडम दारात उभ्या राहून बघत राहिल्या. वर्षभर या पोरीचा प्रत्येक रंग आपल्याला दिसत होता. पण कालपर्यंत, एकदा तरी, आपण तिला 'कशी आहेस गं?' असं विचारलं होतं का?