न गुणगुणणारा पंप

प्रेम ही ईश्वरी योजना असते, हे त्रिकालाबाधित सत्य आहे. श्रीकरच्या बाबतीत त्यासाठी ईश्वराला एकवीस वर्षांची मोटार तंजावुरात भर रस्त्यावर, नेमकी मेकॅनिक लावण्याच्या गॅरेजसमोर बंद पाडावी लागली. तीही आयुधपूजेच्या, म्हणजे अवजारं-गाड्यांच्या पूजेच्या, दुसऱ्याच दिवशी.

त्याला आठवडा झाला. श्रीकर कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. मोटारीतलं मात्र ओ की ठो कळत नव्हतं. रोज संध्याकाळी चौकशीला यायचा, आणि लावण्याच्या गालावरचा ग्रीसचा ठिपका पाहून चौकशीच विसरायचा.

आज श्रीकरच्या वडिलांनी, वैद्यनाथांनी, बजावलं होतं : चारपर्यंत सुरू झाली नाही, तर भंगारात. श्रीकर आज दुपारीच गॅरेजात हजर झाला. भंगारात गेली तर इथं यायला निमित्त उरणार नाही. आणि सुरू झाली, तरी उरणार नाही…

“श्रीकर सार, चावी अर्धीच फिरवा.” लावण्यानं मागच्या सीटला कान लावला. “खाली पेट्रोलचा पंप आहे. दोन सेकंद गुणगुणायला हवा. येतो ऐकू?”

“मज तर… तुमच्या पैंजणांचाच आवाज येतो.”

“मी बूट घातलेत, सार.”

तिनं बॅटरीवरून पंपाला थेट वायर जोडली. पंप गुणगुणला.

“पंप बरा आहे. वाटेत कोणीतरी वीज अडवतंय.” तिनं बॉनेटखालच्या डबीतून पंपाला वीज सोडणारा रिले उपसला आणि त्याच्यासमोर धरला. चारही पायांवर वाळलेलं चंदन, वर कुंकवाची टिकली. “हे कोणी केलं?”

“मीच. पूजेस एकही अवयव राहू नये म्हणून… उपसून लावलं.”

“फिजिक्स शिकवता ना?”

“अय्यो, मुलांस सांगू नका! पण हे तुम्ही आधी का नाही पाहिलं?”

“पाहिलं की. पहिल्याच दिवशी.”

“मग आठवडाभर—”

“तुम्ही रोज येत होता ना…” ती काचकागदानं रिलेचे पाय घासू लागली. जरा जास्तच मन लावून.

रिले बसला. श्रीकरनं चावी फिरवली. पंप गुणगुणला, इंजिन गरजलं, आणि त्यानं हॉर्न असा दाबून धरला की समोरच्या रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

लावण्या शेजारी येऊन बसली. “चला घरी. तुमच्या अप्पांस मीच सांगते.”

“गाडीचं?”

“दोन्ही.”

पोंगलच्या तै महिन्यात लग्न झालं. गाडी अजून भंगारात गेलेली नाही; लिटरला नऊ किलोमीटर देते.