बसवलेली धून

उदगीरच्या स्टेशनवर चेलो घेऊन उतरलं की हमालांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “आत काय हाय?” मी ‘मोठी सारंगी’ म्हणून मोकळी होते. त्या दिवशी आमच्याबरोबर तीन पेट्या होत्या, त्यामुळे त्यांनी आम्हाला लग्नाचा बँडच ठरवून टाकलं. मीही त्यांचा गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडले नाही.

आम्ही हैदराबादहून आलो होतो. मी, संगमेश आणि धम्मप्रिया. मुळात आम्ही चौघं. चौथा राजशेखर, माझा नवरा. तो आषाढात गेला, बसल्या जागी, हृदय बंद पडून. उदगीर त्याचं गाव. त्याच्या थोरल्या भावानं, मल्लिनाथ भावजींनी, फोन करून सांगितलं की थंडीत एक संध्याकाळ आपल्या आडतीच्या गोदामात जमू, त्याची शेवटची धून घरच्यांना ऐकवा.

धून चार चेलोंची होती. खर्जातली ओळ त्याची स्वतःची. ती आमच्यापैकी कुणी घेतली नाही, घ्यावीशी वाटली नाही. शेवटी सगळे थांबतात आणि एक लांब सूर उरतो. तो माझा.

गोदामात तिन्ही भिंतींना तुरीची पोती छतापर्यंत लावलेली होती. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, त्यामुळे आत शिरताच आधी टाळी वाजवून पाहिली. आवाज जिथल्या तिथे मेला. पोती आवाज गिळतात, अशा जागी प्रतिध्वनी येत नाही. मला बरं वाटलं. मधे शेगड्या पेटवल्या होत्या, हुरडा भाजला जात होता, बायका शाली पांघरून सतरंजीवर एकमेकींना खेटून बसल्या होत्या. इतकी ऊब मला आषाढापासून मिळाली नव्हती. आणि तिथेच मला सगळ्यात जास्त एकटं वाटलं. रोज रात्री एकटीपुरतं ताट वाढून घेणाऱ्या बाईला अशा घोळक्यात काय वाटतं, ते तिलाच ठाऊक.

सुरू करण्याआधी मी उभी राहून म्हणाले, “ही धून राजशेखरनं बसवली होती. आज आम्ही ती त्याच्यासाठी पुन्हा बसवली आहे.”

बायकांत कुजबुज झाली. पुढे बसलेल्या शरणम्मांनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, मान वर केली. आम्ही त्यांना अव्वा म्हणतो.

“त्याला बसवलंय की आपण,” त्या म्हणाल्या. “परत कशाला बसवायलीस?”

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. या घरात मेलेल्या माणसाला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून, ताठ बसवून, शेतातल्या मातीत देतात. पुरलं असं कुणी म्हणत नाही, बसवलं म्हणतात. मी नांदेडची, आमच्याकडे दहन. तो शब्द माझ्या तोंडात नुसता गाण्यापुरता होता.

“तसं नाही अव्वा, गाण्याचं म्हणतेय.”

“मग वाजव की.” पण त्यांची नजर माझ्यावरून हटली नाही.

आम्ही वाजवायला लागलो. तीन चेलोंत धून पोकळ वाटत होती, खाली जमीनच नसल्यासारखी. मधला भाग आला. तिथे त्याचा खर्ज पुढे यायचा. मी मनाशी म्हटलं, आता त्याच्या ओळीच्या जागी नुसती शांतता असेल.

नव्हती.

आधी मला वाटलं, संगमेशनं ती ओळ घेतली. मी पाहिलं. त्याचा गज वरच्या तारेवर होता आणि चेहरा पांढरा पडला होता.

पोत्यांचा गुण असेल, तारांचं गुंजन असेल. मी कारणं शोधत होते आणि हात वाजवत होते. पण त्या सुरात एक ओढ होती, उतरताना जरा रेंगाळायची. त्यावरून मी त्याच्याशी कितीदा भांडले होते.

आवाज माझ्या डावीकडून येत होता. खुर्चीच्या उंचीवरून नाही. त्याहून खालून. जमिनीवर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या उंचीवरून.

मी तिकडे पाहिलं नाही.

मला रडू येत होतं आणि मी सुखात होते. दोन्ही खरं.

मग सगळे थांबले. आता माझा सूर. तो वाजला की धून संपणार. धून संपली की डावी बाजू रिकामी होणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी गज तारेवर टेकवला आणि तसाच धरून ठेवला.

डावीकडे कुणीतरी श्वास रोखला होता.

“संपव गं माय,” अव्वा हळूच म्हणाल्या. “बसू दे त्याला.”

मी गज उचलून मांडीवर ठेवला. लोकांना वाटलं झालं. टाळ्या पडल्या.

परतीच्या गाडीत संगमेश खिडकीकडे तोंड करून बसला. धम्मप्रियानं तेवढं विचारलं, “शेवटचा सूर का सोडलास?”

“तू ऐकलंस?”

“ऐकलं म्हणूनच विचारतेय.”



आता मी रोज संध्याकाळी ती धून वाजवते, तिथपर्यंतच. खर्ज येतो. मग मी गज बाजूला ठेवते आणि जेवायला बसते. कुणी बोलत नाही, पण घर रिकामं नसतं. मला तेवढं पुरतं.

काल अव्वांचा फोन आला. मल्लिनाथ भावजींना शेतात, राजशेखरला बसवलं त्या जागेवर, दगडी ओटा बांधायचा आहे.

“गवंडी येऊन परत गेला,” अव्वा म्हणाल्या. “माती टाकली, पाणी मारलं, धुम्मसानं चोपून काढली. सकाळी बघावं तर पुन्हा भुसभुशीत.” त्या जरा थांबल्या. “बाकी रान कसं घट्ट हाय. तेवढीच माती बसंना गं, माय.”

मी त्यांना विचारलं, जेवलात का.