डावीकडचा पडदा

नवरा एवर्ट वारल्यावर मेरिननं त्याचा जाडजूड काचेचा मॉनिटर भंगारात दिला, पण टेबलाचा डावा भाग काही भरला नाही. तिथलं लाकूड फिकट राहिलं होतं. खिडकीतून बेटाच्या हॉग बे खाडीचं पाणी आणि फेरीबोटीचा धक्का दिसायचा.

एकाच कॉम्प्युटरला दोन पडदे जोडून ती दोघं शेजारी शेजारी बसत. डावीकडे एवर्ट बेटाचा किनारा रेखायचा, मासेमारीला जाणाऱ्यांसाठी. उजवीकडे मेरिन खोली नि खडकांची नावं भरायची. नकाशा त्यानं अँटेचेंबर बेपर्यंत आणला होता. विलोबीच्या दीपगृहापर्यंतचा किनारा तेवढा राहिला.

एका दुपारी नकाशा सरकवताना तो तिच्या हातून निसटला आणि पडद्याच्या डाव्या कडेतून पलीकडे गेला. माउसचा बाणही गेला. तिनं चाचपडत ओढला तेव्हा नकाशा परत आला.

अँटेचेंबर बेच्या पुढे एक नवी रेघ होती. खडकाळ जागी एवर्टचा हात जरा कापायचा. ही रेघही तिथं कापली होती.

आपणच कधीतरी काढली असेल, असं तिनं मनाला समजावलं. दुसऱ्या दिवशी तिनं नकाशा मुद्दाम डावीकडे ढकलला, बाहेर जाऊन दोरीवरचे कपडे काढले, आणि मग परत ओढला. किनारा आणखी पुढे गेला होता.

हे तिनं कुणाला सांगितलं नाही. रोज ती नकाशा पलीकडे ठेवायची आणि चहा घेऊन शेजारी बसायची. कित्येक महिन्यांनी तिला घरात बरं वाटत होतं.

मग कॉम्प्युटर अपडेट मागू लागला. एरवी ही कामं एवर्ट बघायचा. तिनं पाण्यापलीकडच्या व्हिक्टर हार्बर गावाहून क्लेम हॅडोला बोलावलं. क्लेम त्यांच्या जुन्या, लिनक्सवर कॉम्प्युटर चालवणाऱ्या हौशी लोकांच्या क्लबातला. तेव्हा शनिवारी स्काउटच्या हॉलमध्ये सगळे आपापली मशीनं घेऊन जमत. मेरिन नि एवर्ट फेरीतून मॉनिटर मांडीवर घेऊन जायची, आणि पावात घातलेले सॉसेज खात सगळ्यांची भांडणं व्हायची.

"तुझ्या नवऱ्यानं एकदा माझ्या कीबोर्डवर कांदा सांडला होता," क्लेम बसता बसता म्हणाला. "अजून वास येतो."

"तू त्याला चिडवत होतास म्हणून."

"मग काय! त्याची खोडच तशी. हे बघ, इथंही तेच." त्यानं पडद्याकडे बोट केलं. "पडद्यांची मांडणी त्यानं यूएसआर-शेअर फोल्डरातल्या फाइलीत लिहून ठेवलीय. ती फाइल सिस्टिमची. अपडेट झालं की तिच्यावर नवी येते, तुमचं लिहिलेलं साफ. आपलं स्वतःचं असेल ते एट्सी फोल्डरात ठेवायचं. एट्सीखाली एक्स-इलेव्हन, त्याच्या आत एक्सऑर्ग-कॉन्फ-डी. तिथं वेगळी फाइल करायची, तिला अपडेट हात लावत नाही. शंभरदा सांगितलं त्याला."

"ऐकायचा नाही तो."

"आणि हा डावा पडदा अजून चालूच दाखवतोय की! जुना मॉनिटर आपलं माप सांगायचा नाही, म्हणून एवर्टनं हातानं लिहिलं: आहे, चालू आहे, डावीकडे आहे. आपण लिहिलं की मशीन मुकाट्यानं मानतं." क्लेमनं चष्मा वर केला. "तेवढ्या ओळी गाळतो. म्हणजे तुझा बाण भिंतीत हरवायचा नाही."

मेरिननं हातातला कप खाली ठेवला. दीपगृहाचं टोक तेवढं उरलं होतं.

"राहू दे."

"अगं, तिथं काही नाही."

"राहू दे म्हणते ना, क्लेम."

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग फिकट लाकडाकडे. एवर्टच्या ओळी जशाच्या तशा नव्या फाइलीत घेतल्या, ती एट्सीत ठेवली आणि अपडेट लावलं. दुपारच्या फेरीनं निघताना म्हणाला, "आता पक्कं झालं. तू काढल्याशिवाय जायचं नाही ते."

संध्याकाळपर्यंत नकाशा पुरा झाला. टोकावर दीपगृहाची छोटी खूण होती. मेरिननं तिच्यावरून बोट फिरवलं आणि ती थोडी रडली. मग तिनं कॉम्प्युटर बंद केला.

सकाळी चालू केला तेव्हा पासवर्ड विचारणारी चौकट आली नाही. नुसता निळा पडदा.

ती थोडा वेळ बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. चौकट आली होती, पण डावीकडे उघडली होती.

बाहेर काळे काकाकुवे ओरडत गेले. तिचे हात मांडीवर होते.

चुकीच्या पासवर्डला होतो तो आवाज झाला. टुक.

तिनं कीबोर्डकडे पाहिलं. त्याला कुणी हात लावला नव्हता.

बराच वेळ काही झालं नाही. जणू कुणी आठवत बसलं होतं.

मग निळा पडदा गेला आणि कॉम्प्युटर उघडला.

जुना पासवर्ड मेरिननं एवर्टच्या अंत्यविधीनंतर बदलला होता. नवा तिनं कुठं लिहून ठेवला नव्हता, कधी तोंडानं उच्चारलाही नव्हता.