सतरा नंबरच्या दोन खुर्च्या

पाऊस नव्हताच. आभाळ स्वच्छ निळं होतं, आणि तरी मी नखशिखान्त भिजले. चाळीस वर्षांपूर्वीच्या फोटोत कर्णधार चषक घेऊन नेमका कुठे उभा होता, ती जागा मी मैदानात शोधत होते, आणि कुणीतरी गवताला पाणी देणारे फवारे सोडले. पळाले ती थेट एका माणसावर जाऊन आदळले. त्याच्या हातातले कागद उडाले.

"एक्केचाळीस हजार दोनशे..." तो पुटपुटला आणि थांबला. "गेला. आकडा गेला."

"मग आता?"

"आता पहिल्यापासून. तुमच्या कृपेने."

"मला भांडायला वेळ नाही हं. सतराशे साठ कामं पडलीयत."

"मोजून सांगताय?"

त्याच्या पापण्यांवर पाण्याचे थेंब होते... आणि मी तेच बघत राहिले.

तो खुर्च्या मोजायला आला होता. मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा दुसऱ्यांदा आमच्या स्टेडियमवर येणार होती, आणि जुन्या लाकडी खुर्च्या काढून नव्या बसवायच्या होत्या. मोजणी जुळली की तो आपल्या मोजणीच्या टोळीबरोबर पुढच्या शहरात, पुढच्या स्टेडियमवर जाणार. मी त्याला मोजणीवाला म्हणायचे. तो मला इतिहासबाई, कारण पूर्वेच्या स्टँडखालचं एका खोलीचं संग्रहालय मी सांभाळते.

जुने नकाशे बघायला म्हणून तो रोज यायचा. मी चहा द्यायचे आणि बोलत सुटायचे. इथे आधी नुसता मातीचा उतार होता, लोक उभ्यानेच सामना बघायचे. मग सिमेंटच्या पायऱ्या आल्या. मग ती पहिली मोठी स्पर्धा आली आणि नियम आला, की प्रत्येकाला आपली खुर्ची हवी, खुर्चीला नंबर हवा.

"गोलांचा इतिहास सगळे लिहितात," मी म्हणायचे. "मी बसण्याचा लिहिते."

"म्हणून तुमच्याकडे आलं की उठवत नाही," तो म्हणायचा, आणि मी उगाच कपाटातल्या फायली लावत बसायचे.

मोजणी मात्र जुळेना. नकाशातल्या नंबरांपेक्षा एक खुर्ची जास्त यायची. रोज.

"हरवलेली वस्तू शोधता येते हो," तो एकदा वैतागून म्हणाला. "जास्तीची कशी शोधायची?"

मी मैदानाकडच्या खिडकीबाहेर बघितलं. कारण मला ती खुर्ची ठाऊक होती. बाविसाव्या ओळीत सतरा नंबर दोनदा आहे. ते नंबर रंगवणारा रंगारी म्हणजे माझे बाबा. त्या पहिल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्याचं तिकीट त्यांना मिळालं नाही, पण जास्तीच्या सतरावर ते ऐटीत जाऊन बसले. खऱ्या सतराचं तिकीट घेऊन एक मुलगी आली. "ही माझी जागा," ती म्हणाली. "तुमची ती सतरा, माझी ही सतरा," बाबा म्हणाले. त्या मुलीने पुढे त्यांच्याशी लग्न केलं. नंबर चुकून पडला की मुद्दाम, ते बाबांनी आईलाही कधी सांगितलं नाही.

मी हे सांगितलं की लगेच मोजणी जुळणार. मोजणी जुळली, की हा जाणार. मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. आठ दिवस.

नवव्या दिवशी तो आला तो पडेल चेहऱ्यानेच. "साहेबांचा फोन होता. उद्यापर्यंत जुळलं नाही तर दुसरा माणूस पाठवतायत. माझ्या नावावर लाल शेरा."

माझ्या हट्टापायी त्याचं नाव खराब होणार होतं. मी किल्ल्या टेबलावर ठेवल्या. "चला."

बाविसाव्या ओळीत वाऱ्याला ओल्या गवताचा वास होता. एकाच लोखंडी पट्टीवर शेजारी शेजारी दोन खुर्च्या, दोन सतरा. मी सगळं सांगून टाकलं. बाबांचं, आईचं आणि शेवटी स्वतःचंही. "मला माहीत होतं. तुम्ही जाऊ नये म्हणून... नाही सांगितलं."

तो एका सतरावर बसला. रागावला नाही. खिशातून घडी केलेला कागद काढून त्याने माझ्या हातात दिला. तारीख पहिल्याच दिवसाची होती. *ओळ बावीस. क्रमांक सतरा, दोन नग.*

"म्हणजे तुम्हाला...?"

"मोजायचंच काम आहे माझं."

"मग आठ दिवस काय मोजत होतात?"

"त्या खिडकीतून तुम्ही माझ्याकडे किती वेळा बघता ते."

माझे कान तापले. तरी विचारलंच. "किती?"

"सतराशे साठ."

मी हसता हसता रडले, की रडता रडता हसले, कोण जाणे. त्याची टोळी उद्या निघणार होती, ते काही बदललं नव्हतं. मी दुसऱ्या सतरावर बसले.

"जुळल्याचं आज कळवतो," तो हळूच म्हणाला. "आणि नव्या खुर्च्या बसवणाऱ्यांत नाव दिलंय. स्पर्धेपर्यंत इथेच... चालेल?"

"आणि या दोन?"

"संग्रहालयात न्या. पण वेगळ्या करू नका. पट्टी एकच आहे."

समोर फवारे सुरू झाले. पाण्याची बारीक भुरभुर आमच्यापर्यंत आली, आणि या वेळी दोघंही पळालो नाही.

"बाबांना एक विचारशील?" तो पहिल्यांदाच एकेरीवर आला. "चूक होती का ती?"

"तूच ये आणि विचार," मी म्हणाले. "आईच्या समोर."